सहा आकड्यांचे राजकारण

चि. सई हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

व्यापार आणि तंत्रज्ञानाच्या धोरणात अभियंते आणि अर्थशास्त्रज्ञ असताना राज्यशास्त्राच्या माणसाचे काय काम, असे तू परवा फोनवर विचारलेस. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते.

मी पुण्यात राज्यशास्त्र शिकत होते, त्याच सुमारास, 1988 मध्ये, तिथे सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेची स्थापना झाली. भारताला हवा तेवढ्या क्षमतेचा सुपरकॉम्प्युटर अमेरिका विकू देत नव्हती, म्हणून तो इथेच बांधायचा, असे ठरले होते. 1991 मध्ये तिचा परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला, तेव्हा सगळे त्याच्या वेगाविषयी बोलत होते. मला मात्र वेगळाच प्रश्न सतावत होता: कोणते यंत्र कोणत्या देशाला मिळावे, हे नेमके कोण ठरवते आणि कोणत्या अधिकाराने? ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला.

पण या कामाचा खरा कस निर्बंधांच्या मथळ्यांत लागत नाही. तो कोणत्या वस्तूवर किती शुल्क हे लिहिलेल्या सीमाशुल्काच्या याद्यांत लागतो. 1996 च्या डिसेंबरात सिंगापूरला माहिती-तंत्रज्ञान करार झाला आणि पुढल्या वर्षी भारत त्यात सामील झाला. ठरावीक वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आणण्याचे वचन त्यात होते. नंतर देशात कारखाने उभे राहावेत म्हणून भारताने 2017 पासून मोबाइल फोनवर शुल्क लावले, ते 2018 मध्ये 20 टक्क्यांवर नेले, आणि 2019 मध्ये युरोपीय संघ, जपान व तैवान यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रारी केल्या. भारताचे म्हणणे असे, की आजचे फोन 1996 च्या करारात नव्हतेच; वस्तूंना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या जागतिक वर्गवारीच्या 2007 च्या आवृत्तीत आपली यादी बसवताना चूक झाली आणि न दिलेले वचन आपल्या गळ्यात पडले. एप्रिल 2023 मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ-मंडळाने हा युक्तिवाद फेटाळला, कारण यादीत वस्तूच्या सहा आकड्यांच्या क्रमांकाच्या शीर्षकाखाली जे लिहिलेले असते, तेच देशाचे वचन ठरते. भारताने अपील केले. पण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे, त्यामुळे ते अपील ऐकायला कोणी नाही.

देशात उत्पादन वाढावे म्हणून शुल्क लावणे मला गैर वाटत नाही. मात्र गॅट या जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ व्यापार-कराराच्या 28 व्या कलमात दिलेले वचन बदलून घेण्याची सोय आहे. वाटाघाटी करायच्या आणि बदल्यात दुसरी सवलत द्यायची. तो मार्ग महाग असला तरी सरळ आहे, आणि तो धरला असता तर पुढल्या टेबलावर आपला शब्द अधिक वजनदार राहिला असता, असे माझे ठाम मत आहे. हे वजन अर्थशास्त्राच्या तक्त्यात दिसत नाही. देशादेशांतल्या विश्वासाचा आणि सत्तेचा हिशेब ज्याला येतो, त्यालाच ते मोजता येते. तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माहिती-तंत्रज्ञान करारावर वीस पानांचे टिपण लिहिले. वरिष्ठांनी ते वाचून एवढेच विचारले, "कोणते शीर्षक?" मी सार्वभौमत्वावर पुष्कळ लिहिले होते, पण मूळ यादी उघडलीसुद्धा नव्हती. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. तेव्हापासून आधी यादी वाचते आणि मगच लेखणी उचलते.

दिवाळीला येशील तेव्हा माझ्या कपाटाचा खालचा कप्पा उघड. भारताच्या शुल्क-वचनांच्या छापील प्रती तिथे आहेत, समासात माझ्या खुणाही आहेत. 85 व्या प्रकरणापासून सुरुवात कर; टेलिफोन त्यातच आहेत.

तुझी,
आई