आईच्या यादीतलं काय पाठवतोय, काय नाही

ओसाका, श्रावण

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तुझी यादी मिळाली. व्हिडिओ बघून बघून तुम्ही सगळ्या जणींनी मिळून केलेली दिसतेय, कारण तिच्यात कागदाला फुलाफुलांची भोकं पाडणारे पंचसुद्धा आहेत. ते मी घेणार नाही, आधीच सांगतो. एकदा फुलाचा पंच घेतला की पुढची सगळी वर्षं तेच फूल, आणि हवेच असतील तर क्रॉफर्ड मार्केटच्या मागे अब्दुल रेहमान स्ट्रीटला ढिगाने मिळतात. लेस, गोंडे, जिलेटीन, झिरमिळ्यांचा कागद यासाठी ठाण्यातच जांभळी नाक्याचा बाजार असताना जपानातून काही मागवणं म्हणजे उगाच हौस. पिशव्या असोत, गोधडी असो की कंदील, तुझा वेळ जातो तो मापात आणि कापण्यात. त्यापुरतंच पाठवतोय.

सगळ्यात कामाचा आहे तो गोल पात्याचा कटर. दिसायला पिझ्झा कापायच्या चाकासारखा, पण धार दाढीच्या ब्लेडची. ओल्फा कंपनी इथलीच, ओसाकाची. असला कटर पहिल्यांदा त्यांनीच 1979 मध्ये काढला, शिवणकामासाठी. कात्रीचं खालचं पातं कापड टेबलावरून उचलतं, म्हणून दुमडलेले थर सरकतात आणि पिशवीचे दोन बंद कधी सारखे होत नाहीत. हे चाक कापड उचलतच नाही. चार पदर एकावर एक ठेव, पट्टी दाबून धर आणि तिच्या कडेने चाक फिरव. जुन्या साड्या मऊ पडून निसटतात, त्यांना आधी थोडी कांजी देऊन इस्त्री कर, मग ठिगळं अगदी चौकोनी निघतील. 45 मिलिमीटरचा घेतलाय. लहान चाक वळणांना बरं, पण तुला सरळच कापायचं असतं. चाक अंगापासून पुढे ढकलायचं, स्वतःकडे ओढायचं नाही. हातातून खाली ठेवताना पातं आत घ्यायचंच, मग दारावरची बेल वाजत असली तरी.

याच्या खाली हिरवी मॅट लागते, नाहीतर टेबल आणि पातं दोन्ही जातील. तिच्यावर पडलेली चीर बऱ्यापैकी मिटून येते. पण उष्णतेचं तिला वावडं. गरम इस्त्री, चहाचं पातेलं, गॅलरीतलं मे महिन्याचं ऊन, यातलं काहीही लागलं की ती वाकते, आणि वाकलेली परत सरळ होत नाही. गुंडाळून कपाटामागे उभी करू नकोस, गादीखाली सपाट ठेव.

कागदासाठी साधा पातं मोडायचा कटर पाठवतोय. तो आपल्याकडेही मिळतो, पण त्याची गोष्ट तुला आवडेल. छापखान्यात काम करणारे योशिओ ओकादा ब्लेडचे फक्त कोपरे बोथट होतात आणि बाकीचं पातं फुकट जातं म्हणून वैतागले होते. चांभार काचेचा तुकडा बोथट झाला की तो फोडून नवी धार काढत, आणि अमेरिकन सैनिकांच्या चॉकलेटच्या वड्या खाचेवर मोडत. या दोन्हींवरून त्यांना सुचलं, आणि 1956 मध्ये खाचा पाडलेलं पातं तयार झालं. तेव्हा खाच मोडायला कंजूषपणा करू नकोस. कागद फाटायला लागला की एक तुकडा मोडायचा. मोडलेले तुकडे मात्र कचऱ्यात सुटे टाकू नका, औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवा.

कात्री पाठवत नाही. तुझ्या पितळी मुठीच्या मेरठच्या कात्रीपुढे इथली महागडी कात्री घ्यायचं काही कारण मला दिसत नाही. मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिला फक्त धारवाल्याकडे वेळेवर न्यायला हवं, आणि नानांपासून लांब ठेवायला हवं. ते तिने दुधाच्या पिशव्या कापतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी वेगळी स्वस्त कात्री घेतलीय, इथल्या शंभर येनच्या दुकानातून. तिच्यावर ‘दूध’ लिहून टाक.

हेरा नावाची एक छोटी चपटी पट्टी आहे पाकिटात. पूर्वी हाडाची असे, आता प्लॅस्टिकची. ती कापडावर दाबून ओढली की रेघ उमटते, खडू लागत नाही, डाग राहत नाही. कंदिलाच्या करंज्यांना धारदार घडी घालायलाही हीच वापर, नखं झिजवू नकोस.

गोंदाबद्दल विचारलं होतंस. इथेही शाळेतली मुलं पिठुळ गोंदच वापरतात; यामातो कंपनी तो 1899 पासून विकतेय. म्हणजे आपली खळच, डबीत भरलेली. त्यासाठी पैसे कशाला घालवायचे? पातळ कागदाला तुझी खळ उत्तम, फेव्हिकॉल जाड लागला की कागद आकसतो. मोरचूद मात्र आता घालू नकोस, ते विषारी आहे आणि वहिनीची छोटी सगळं तोंडात घालते. लागेल तेवढीच ताजी शिजव.

पावसाळा संपेपर्यंत सुया आणि पाती हवाबंद डब्यात ठेव, तळाशी खडूचे तुकडे किंवा गोळ्यांच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी. कात्रीच्या खिळ्याला मशीनचं तेल, खोबरेल नको, ते चिकटतं.

ऑफिसातला डोंबिवलीचा सहकारी गणपतीला घरी येतोय, त्याच्याकडे हे सगळं देतो. पाती केबिन बॅगेत चालत नाहीत, त्यामुळे मोठ्या बॅगेत मावेल इतकंच. अजून थोडी जागा आहे. हिरोशिमाच्या सुया चांगल्या म्हणतात, गोधडीला कोणत्या लांबीची लागते ते पट्टीवर ठेवून फोटो काढून पाठव. आणि मशीनच्या बॉबिनचाही.

नानांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. – कंदिलांच्या ऑर्डरी घेताना कापण्याची मजुरीही धरत जा. नुसते कागदाचे आणि काड्यांचे पैसे लावतेस, म्हणून तलावपाळीच्या सगळ्या मैत्रिणींना तुझेच कंदील हवे असतात.