पाटलीचा डाग

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी एक कबुली देते. गणपतीला घरी आले होते तेव्हा कपाटात तुमच्या पेन्शनच्या कागदांखालची प्लॅस्टिकची पिशवी मी न विचारता इकडे घेऊन आले. आपल्या चोरीच्या केसच्या निकालाची नक्कल, अकरा पानं. २०१६ साली तुम्ही ती कोर्टातून आणलीत, पण मला वाटतं कधी उघडली नाहीत. स्टेपलरचा कोपरा अजून करकरीत होता. मी तेव्हा कॉलेजात होते. तुम्ही घरी येऊन चपला काढल्या आणि एवढंच म्हणालात, "सोडला त्याला. सरकारी वकील उभासुद्धा राहिला नाही नीट." रात्री जेवला नाहीत. मी वकिली करायची ठरवली ती त्या रात्री, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता मी स्वतःच सरकारी वकील होणार. प्रशिक्षणाचा सातवा आठवडा चालू आहे. सकाळी वर्ग, दुपारी एका ज्येष्ठ एपीपी (सहाय्यक सरकारी वकील) मॅडमच्या शेजारी कोर्टात बसायचं. परवा रात्री ती अकरा पानं मी दोनदा वाचली. बाबा, न्यायाधीशांनी बरोबर केलं. हे पत्र त्यासाठीच आहे. फोनवर बोलायला लागले असते तर तुम्ही चिडला असतात आणि मी रडले असते.

आम्हाला पहिल्याच दिवशी एक सवय लावली. कुठलंही कलम समोर आलं की त्याचे घटक सुटे करून समासात लिहायचे. चोरीचंच बघा. जंगम वस्तू हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात असायला हवी. त्याची संमती नको. अप्रामाणिकपणे घ्यायचा इरादा हवा. आणि त्या इराद्याने वस्तू जागची हलायला हवी. यातला एक घटक गळला तरी चोरी होत नाही. वाटेत पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी नाही. ठेवून घेतली तर अपहाराचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. आपली समजून शेजाऱ्याची सायकल नेली तर चोरी नाही, कारण मनात लबाडी नाही. कृती आणि मन दोन्ही सिद्ध करायचं, आणि वर ते याच माणसाने केलं हेही. हे सगळं ओझं सरकारचं. आरोपीने तोंडही उघडायची गरज नाही.

आपल्या घरी चोरी झाली याबद्दल कोर्टाने काडीचीही शंका घेतलेली नाही. कोयंडा उचकटलेला, कपाट फोडलेलं, आईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र गेलेलं. मुद्दा क्रमांक एकचं उत्तर 'होय' आहे. 'नाही' आलं ते दुसऱ्या मुद्द्याला: ती याच आरोपीने केली का?

आता अवघड भाग. बाबा, हे तुमच्या साक्षीबद्दल आहे.

मे २०११ मधल्या तुमच्या फिर्यादीत लिहिलंय की अंधारात एक इसम मागच्या भिंतीवरून उडी मारून पळताना पाठमोरा दिसला. चार वर्षांनी सरतपासात, म्हणजे आपल्याच वकिलाने प्रश्न विचारताना, तुम्ही म्हणालात, मी त्याचा चेहरा पाहिला, समोर उभा आहे तोच हा. उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला आणि तुमचं उत्तर पान चारवर आहे: "चेहरा पाहिल्याचे मी पोलिसांना सांगितले होते. सदर मजकूर फिर्यादीत का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही."

हे वाक्य मी या सात आठवड्यांत निदान वीस साक्षीदारांच्या तोंडून ऐकलंय. दर वेळी मला तुम्ही दिसता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पिंजऱ्यात उभे, पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेले. तुम्ही खोटं बोललात असं मी मुळीच म्हणत नाही. अटकेनंतर पोलिसांनी तुम्हाला ठाण्यात बोलावून तो माणूस दाखवला होता, आठवतं? आपल्या दागिन्यांचा चोर म्हणून तुम्ही तो चेहरा पाहिलात आणि घरी घेऊन आलात. चार वर्षांत तो चेहरा अंधारातल्या त्या पाठीला जाऊन चिकटला. असं कुणाचंही होतं. म्हणूनच ओळखपरेड असते. साक्षीदाराने आरोपीला कुठेही पाहायच्या आधी, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांत उभं करून ती घ्यायची. आपल्या केसमध्ये ती झालीच नाही. आणि साक्षीआधी सरकारी वकिलाने तुमच्यासोबत दहा मिनिटं बसून तुमचीच फिर्याद तुम्हाला वाचून दाखवली असती, तर तुम्ही पाठमोरा दिसला तेवढंच सांगितलं असतं, आणि तेवढं सांगणारा साक्षीदार कोर्टाला जास्त खरा वाटला असता.

दुसरी गोष्ट पंचांची. आरोपीने ठाण्यात गुन्हा कबूल केला होता असं तुम्ही नेहमी सांगता. केला असेल. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. कारण साधं आहे, कोठडीत कबुली कशी निघते हे १५० वर्षांपूर्वीही लोकांना माहीत होतं. त्यातला एकच तुकडा चालतो. 'अमुक ठिकाणी पुरलंय, दाखवतो' असं म्हणून त्याने खरंच काढून दिलं, तर जेवढ्या बोलण्यामुळे ती वस्तू सापडली तेवढंच. ते दोन पंचांसमोर लिहायचं, त्यांच्यासमोर जागेवर जायचं, वस्तू जप्त करून जागीच सील करायची. आपल्या दोन पंचांपैकी एक साक्षीपूर्वीच वारले. दुसरे म्हणाले, पोलिसांनी ठाण्यात लिहिलेल्या कागदावर सही घेतली. फितूर झाले, म्हणजे आपल्याच बाजूचे साक्षीदार उलटले. (गंमत म्हणजे फितूर हा शब्द कायद्यात कुठेच नाही. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारायची कोर्टाने परवानगी द्यायची, एवढंच त्यात आहे.)

पंच फितूर झाला म्हणून केस बुडत नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासाची वाटली तर कोर्ट तेवढ्यावरही जप्ती मानतं. पण आपल्या अंमलदारांना पाटल्या नेमक्या कुठून निघाल्या ते सांगता आलं नाही. पंचनाम्यात 'ओढ्याकाठी झुडपाजवळ', म्हणजे कुणीही जाऊ-येऊ शकेल अशी उघडी जागा. सील केल्याचा उल्लेख नाही. मंगळसूत्र तर मिळालंच नाही.

आणि आता, आई, तुझ्याबद्दल.

साक्षीदारांच्या यादीत तुझं नाव सातवं आहे. तुला तपासलंच नाही. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, परत मिळालेल्या पाटल्या रुमालात बांधून तू दोनदा एसटीने तालुक्याला गेलीस, दोन्ही वेळा तारीख पडली, तिसऱ्यांदा तुला कुणी बोलावलं नाही. निकालात लिहिलंय की सदर पाटल्या फिर्यादीच्या घरातल्याच आहेत हे दाखवणारी कोणतीही विशेष खूण पुराव्यात आलेली नाही. फिर्यादीत काय होतं? 'सोन्याच्या दोन पाटल्या, अंदाजे चार तोळे.' अशा पाटल्या गावात पन्नास घरांत असतील.

पण तुझ्या डाव्या पाटलीला आतल्या बाजूला डाग दिलेला आहे. मी लहान असताना ती उखळाच्या कडेवर आपटून चिरली होती आणि सोनारकाकांनी सांधली होती. त्या जागी सोनं थोडं लालसर दिसतं आणि बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो. तू मला न्हाऊ घालायचीस तेव्हा तो उंचवटा पाठीला लागायचा. जगात त्या पाटलीची ओळख पटवू शकणारी एकच बाई होती आणि तिला कुणी विचारलं नाही. तू पिंजऱ्यात उभी राहून पाटली उलटी करून दाखवली असतीस, सोनारकाकांनी 'हो, हा डाग मी दिलाय' म्हटलं असतं, तर वस्तू आपलीच हे तरी पक्कं झालं असतं. चोरीनंतर थोड्याच दिवसांत चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा हिशेब देता येत नाही, त्याच्याविरुद्ध कोर्ट अनुमान काढू शकतं. त्या अनुमानाची पहिली पायरीच आपल्या बाजूने बांधली गेली नाही. निकालाचा मला राग नाही, या न बांधलेल्या पायरीचा आहे.

त्या सरकारी वकिलांना शिव्या द्यायचं मात्र आता मला होत नाही. मी बसते त्या कोर्टात परवा बोर्डावर ७२ प्रकरणं होती. मॅडम एका हाताने जामिनाच्या अर्जावर 'से', म्हणजे सरकारचं म्हणणं, लिहीत होत्या, तोंडाने पंच तपासत होत्या, आणि दारात समन्सवर आलेली एक म्हातारी 'माझा नंबर कधी' म्हणून उभी होती. मॅडमनी मला खुणेने तिच्याकडे पाठवलं. मी तिला बाकावर बसवून तिचा जबाब वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढंच सांगायचं ना? घरातनं तर लई पाठ करून आले होते." सध्या माझं काम एवढंच आहे, पण ते मी मन लावून करते.

बाबा, तुम्ही म्हणाल, तुझं काम आरोपीला शिक्षा लावणं. मलाही तसंच वाटायचं. पूर्वी आपल्याकडे खालच्या कोर्टात सरकारची बाजू मांडणारे पोलीस खात्याच्याच हाताखाली असायचे, तुम्हाला पोलीस प्रॉसिक्युटर आठवत असतील. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, पोलिसांपासून वेगळा केला, तरी महाराष्ट्रात ती नाळ नीट तुटायला १९९५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा शहाणे खटल्यातला निकाल लागला. त्याच्या आदल्याच वर्षी हितेंद्र ठाकूर खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने आपलं डोकं स्वतंत्रपणे वापरायचं. म्हणजे आरोपीच्या बाजूचा कागद माझ्या फायलीत असला तर तो लपवायचा नाही. पुरावा कच्चा असेल तर न्यायाधीशांना तो पक्का म्हणून विकायचा नाही.

१९८४ चा शरद सारडा खटला पुण्यातलाच. सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी तपासायची याची पाच तत्त्वं त्यात आहेत, 'पंचशील' म्हणतात त्याला. ती मला आता झोपेतही म्हणता येतात. त्याआधी १९७३ च्या शिवाजी बोबडे खटल्यात 'केलं असेल' आणि 'केलंच असलं पाहिजे' यांतलं अंतर किती लांब आहे ते सांगितलंय. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: प्रत्येक बारीकसारीक शंकेला कवटाळून गुन्हेगार सोडत बसलात तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो. मी त्या पानावर पेन्सिलीने तुमचं नाव लिहिलंय.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदलले. रात्रीची घरफोडी आणि घरातली चोरी यांची भारतीय दंड विधानातली (भादंवि) कलमं ४५७, ३८० जाऊन भारतीय न्याय संहितेची ३३१ आणि ३०५ आली. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनंच दंड विधान, त्यामुळे आम्हाला दोन्ही पाठ करावे लागतात. आकडे बदलले याचं मला फार अप्रूप नाही. पण फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने, झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलंय. ओढ्याकाठी त्या दिवशी कुणाच्या मोबाईलवर दोन मिनिटं चित्रण झालं असतं, तर पंच काय म्हणतो यावर सगळं टांगून राहिलं नसतं. आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं आहे. तुम्ही सायकलवरून किती वेळा ठाण्यात गेला होतात बाबा? मी मोजलं नव्हतं, आईने मोजलं होतं. नऊ.

एक गोष्ट सांगावी की नाही यावर दोन दिवस विचार केला. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क पीडिताला २००९ च्या अखेरीपासूनच आहे. २०१६ साली तुम्हाला तो होता. कुणी सांगितलं नाही. टिकलं असतं असं मला वाटत नाही, पण तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी ज्या केसमध्ये उभी असेन त्यात निकालाच्या दिवशी फिर्यादी तसाच चपला घालून घरी जाणार नाही, हे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

दिवाळीला येतेय, वसुबारसेच्या आदल्या रात्रीची गाडी आहे. पिशवी परत आणते. बाबा, पान चार आपण दोघं एकत्र वाचू, तोपर्यंत त्याचा विचार करत बसू नका आणि बीपीची गोळी चुकवू नका. आई, पाटल्या लॉकरमधून काढून ठेव. मला तो डाग एकदा बोटाने बघायचाय.

तुमची,
मनू