मंत्रीमहोदय, माझ्या संत्र्याचा पंचनामा नेमका कोण करणार?

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या दिवाळीआधी आमच्या भागातल्या सभेत आपण शब्द दिला होता की, तपासलेल्या मातृवृक्षाचीच (ज्या झाडाचा डोळा घेऊन कलम बांधतात त्याची) कलम शेतकऱ्याला मिळेल आणि विषाणू तपासणीची सोय तालुक्यात होईल. टाळ्या मीही वाजवल्या. परवा माझ्या अर्जाचं उत्तर आलं: 'सदर नुकसान निकषात बसत नाही.'

नाही बसत, खरं आहे. फळपीक विमा हवामानावर चालतो आणि माझी झाडं भलत्याच कारणानं वाळली. चार एकरांत 440 लावली होती, पावणेदोनशे गेली. पाच वर्षांचं शेणखत, डिझेल, मजुरी धरून साडेपाच लाख मातीत. हिशोब वहीत नीट नाही, कमी-जास्त असेल. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरला, लिंबाएवढी फळं झाली अन् झाडं शेंड्याकडून सुकायला लागली. एक साहेब म्हणाले डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. त्यावरचा बोर्डोमलम लावला. दुसरे म्हणाले पाणी जास्त झालं. पाणी तोडलं, तर तिसरे म्हणाले ताण बसला. मुळं उकरून पाहायला मात्र तिघांपैकी एकही वाकला नाही.

माझी मुलगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकली. तिला ट्रिस्टेझाची, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या झाडांवरच्या एका विषाणूची, शंका आहे. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ दुःख. 1930 च्या दशकात अर्जेंटिना अन् ब्राझीलमधल्या बागा त्यानं बसवल्या. सुमारे 19,300 अक्षरांची त्याची जनुकीय ओळ, अन् तीही सगळीकडे सारखी नाही. सौम्य वंश आहेत, जहाल आहेत; एकाच झाडात दोन-तीन एकत्र नांदतात. आघाडी सरकार म्हणा ना! शिवाय खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात ते, पाहून वागतो. आंबट संत्र्याच्या खुंटावर झाड झटक्यात मारतो, जंबेरी लिंबाच्या खुंटावर वर्षानुवर्षं दबून राहतो, कागदी लिंबाच्या पानात मात्र शिरा उजळून लगेच चुगली करतो. माणूस पाहून वागायची ही कला त्यानं कुठल्या खात्यात शिकली, हे मी लिहीत नाही.

द्राक्षाची पानं गुंडाळणारा विषाणू ह्याच कुळातला. अमेरिकन खुंटात गप्प बसतो, काळ्या द्राक्षाची पानं लाल करतो, थॉमसन ह्या हिरव्या द्राक्षात पटकन ओळखू येत नाही. तो पिठ्या ढेकूण ह्या किडीवरून फिरतो, आमचा ट्रिस्टेझा मावा ह्या किडीवरून; अन् दोघंही कलमेच्या डोळ्यातून येतात. म्हणजे रोपवाटिकेतच अडवता येतो. एकदा झाडात शिरला की औषध नाही.

मी कलम 45 रुपयांना घेतली. पावती मागितली तर रोपवाटिकावाला हसला. मातृवृक्ष कुठला, विचारलं तर म्हणे, 'भाऊ, झाडाची कुंडली असते का?' विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणून आमच्या नावानं भाषणं ठोकता, अन् इथं म्हशीला दाखला आहे, संत्र्याच्या कलमेला नाही. लिंबूवर्गीय संशोधन संस्था नागपुरात, माझ्या बांधापासून शंभरेक किलोमीटर. शास्त्रज्ञ तिथं आहेत, रोग इथं आहे, अन् मधल्या टेबलांवर फाईल फिरते. धरण असो, कर्जमाफी असो की कलम, आमचा नंबर येईस्तोवर खिडकी बंद होते.

माझं म्हणणं चूक निघालं तरी चालेल. ट्रिस्टेझा नसेल तर 'नाही' असं लिहून द्या. असेल तर कुठला वंश तेही सांगा, कारण उरलेली झाडं ठेवायची की उपटायची, हे मला मृगाच्या आत ठरवायचं आहे. वाळत्या झाडांच्या पाच फांद्या ओल्या कागदात गुंडाळून आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर केल्या आहेत. मावा झटकून घेतला आहे.

आपला,
वरुड तालुक्यातला एक संत्रा उत्पादक