‘रक्तातच सैनिकी’ म्हणे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सैनिकी घराण्यांवरचा लेख वाचला. अपशिंगे गावाबद्दल छान लिहिलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण कामी आले, हे लोकांना कळायलाच हवं. पण ‘सातारकरांच्या रक्तातच सैनिकी आहे’ हे वाचून हसावं की रडावं ते कळेना.

माझे आजेसासरे बसऱ्याला गेले होते. एप्रिल 1916 मध्ये इराकमधलं कूट शहर पडलं तेव्हा तुर्कांच्या कैदेत सापडले. सासरे इटलीत लढले. आमचे मिस्टर 71 च्या युद्धात मराठा रेजिमेंटच्या जंगी पलटणीबरोबर बांगलादेशात जमालपूरला होते. मुलगा मात्र भरतीत छातीला दोन बोटं कमी पडला आणि एसटीत कंडक्टर झाला. रक्त वाटेत कुठे अडलं, हे आपल्या लेखकानेच सांगावं! अहो, माण-खटावात पाऊस पडत नाही. चार भावांतला एक पलटणीत गेला की मनीऑर्डर यायची आणि बाकीचे तिघे जगायचे. रक्ताचं राहू द्या, सातबारा बघा.

घराण्याचा एवढा अभिमान असेल, तर त्याच घराण्यातल्या बाईचं पुढे काय होतं तेही छापा. सासरे वारल्यावर सासूबाईंची फॅमिली पेन्शन अडली. कारण काय, तर पलटणीच्या कागदांवर त्यांचं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे त्या कार्यालयात कुणाला ठाऊकच नव्हतं. प्रतिज्ञापत्र झालं, सरपंचाचा दाखला झाला, मग म्हणे लग्नाला हजर असलेले दोन साक्षीदार आणा. ते कुठून आणायचे, स्मशानातून? शेवटी एका बाबूने सरळ विचारलं, ‘‘आजी, तुमच्या मालकांना दोन बायका होत्या का?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘एकीला तोंड दाखवायला वर्साला दोन म्हैनं यायचा त्यो, दुसरी कवा करनार हुता?’’ अख्खं कार्यालय हसलं. फाईल मात्र जागची हलली नाही. पुढे कुणाच्या तरी ओळखीने काम झालं. ती ओळख नसती तर काय, हा प्रश्न मी अजून विचारते.

गावोगावी इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आपण पाहिल्या असतीलच. या गावातून इतके युद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नावं नाहीत. आमच्या गावच्या पाटीवर तर सध्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक टांगलाय. आपल्या लेखकाला ती दिसणार तरी कशी?

आता नातू अग्निवीर झालाय. चार वर्षं नोकरी, मग शंभरातले पंचवीस कायम, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन निरोप. म्हटलं, बरंच झालं. पेन्शनच नाही, तर बायकोचं नाव चुकायचीही भीती नाही.

आणि हो, लेखासोबत ‘मराठा जवान’ म्हणून जो फोटो छापलाय, त्यातल्या सगळ्यांच्या डोक्यावर गुरख्यांची हॅट आहे. मिस्टरांनी सकाळपासून तो पेपर चार जणांना दाखवलाय. निदान फोटोची तरी दुरुस्ती छापा.

– एका माजी सैनिकाची पत्नी, ता. माण, जि. सातारा