एका पडण्याच्या चार वजावटी आणि नाकारलेलं हेल्मेट

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
वाहन दावे विभाग

विषय: दुचाकी पॉलिसीतल्या रायडिंग गिअर कव्हरचा (हेल्मेट, जॅकेट वगैरेच्या विम्याचा) दावा. एकदाऐवजी चार वेळा कापलेला एक्सेस (दाव्यातून होणारी वजावट) परत करणे आणि हेल्मेटची रक्कम देणे.

आत्ताच तुमच्या दावे विभागातल्या अधिकाऱ्यांचा फोन ठेवला. ते जे बोलले त्यानंतर मला या विषयावर फोनवर एक शब्दही बोलायचा नाही, म्हणून लिहून पाठवतोय. गिअर कव्हर म्हणजे काय आणि एक्सेस कशाला म्हणतात हे मी तुम्हाला समजावत बसणार नाही. ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं हे जादा कव्हर, तुमचं आहे, त्यातले शब्द तुमच्याच माणसांनी लिहिलेत आणि त्याचे पैसे तुम्ही माझ्याकडून आधीच घेतलेत.

घटना तुमच्या फाइलमध्ये आहेच, तरी एकदा सलग वाचा. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात उतारावरच्या वळणावर खडी पसरलेली होती, वरून पाऊस. पुढचं चाक सरकलं आणि गाडी उजव्या अंगावर पडली. मी गाडीसोबत घसरत गेलो आणि डोक्याची उजवी बाजू कठड्याच्या दगडावर आपटली. मनगटाचं हाड मोडलं. डोक्याला काही झालं नाही. हे सगळं काही सेकंदांत झालं, एकाच जागी झालं आणि एकाच कारणाने झालं.

गाडीचा दावा तुम्ही नीट दिलात. टाकीला पोचा, हेडलाइट फुटलेला, हँडल वाकलेलं, उजवा फूटरेस्ट तुटलेला, सायलेन्सर घासलेला. या सगळ्याला मिळून तुम्ही सक्तीची १०० रुपयांची वजावट एकदाच धरली आणि मी स्वतः निवडलेली १,००० रुपयांची ऐच्छिक वजावटही एकदाच धरली. ती ऐच्छिक वजावट घेण्याबद्दल प्रीमियममध्ये १२५ रुपयांची सूट मिळाली होती, तेव्हा ते १,००० मी आनंदाने सोसले. झिरो डेप (घसारा न कापण्याचं कव्हर) असल्यामुळे प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर एरवी ५० टक्के घसारा कापला जातो, तोही कापला नाही. तिथे माझी काही तक्रार नाही.

तक्रार गिअरची आहे. हेल्मेट ६,५०० रुपये, जॅकेट ९,८००, ग्लोव्ह्ज २,९००, नी-गार्ड २,३००. एकूण २१,५००. कव्हर २५,००० चं आहे. ॲड-ऑनमध्ये लिहिलंय की 'प्रत्येक घटनेमागे १,००० रुपये एक्सेस'. म्हणजे माझ्या हातात २०,५०० यायला हवे होते. आले ११,०००.

कारण तुमच्या हिशेबात मी चार वेळा पडलो. ग्लोव्ह्जचे १,००० कापले. नी-गार्डचे १,००० कापले. जॅकेटचे मात्र २,००० कापले, कारण जॅकेटचं नुकसान म्हणे 'दोन स्वतंत्र घटनांत' झालंय. पहिली घटना, खांदा आणि कोपर रस्त्यावर घासून जाळी फाटली. दुसरी घटना, 'वैद्यकीय उपचारादरम्यान बाही कापली गेली'.

ती बाही कशी कापली गेली ते सांगतो. खाली चिपळूणला दवाखान्यात नेलं तेव्हा मनगट आणि कोपर एवढे सुजले होते की जॅकेट निघेना. सिस्टरनी दोनदा हळूच ओढून पाहिलं, मी ओरडलो. मग त्यांनी कात्री आणली आणि मनगटापासून कोपराच्या आर्मरपर्यंत (संरक्षक पॅडपर्यंत) बाही उभी चिरली. मोडलेला हात बाहेर काढायला दुसरा मार्गच नव्हता. घाटात पडलो नसतो तर मी त्या दवाखान्यात गेलो नसतो आणि ती कात्रीही चालली नसती. यात दुसरी स्वतंत्र घटना कुठे आहे, हे तुमच्यापैकी एकाने तरी मला सांगावं.

आता नियमाचं बोलू. दुचाकीच्या पॉलिसीत वजावटीसाठी जी एन्डोर्समेंट, म्हणजे जोडलेली पुरवणी अट, लागते ती आयएमटी (इंडियन मोटर टॅरिफ) २२, आणि ऐच्छिक वजावटीची २२ ए. दोन्ही माझ्या पॉलिसीला जोडलेल्या आहेत. त्यात 'घटना' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. विम्याच्या गाडीशी संबंधित, एकाच कारणातून उद्भवलेली एक घटना किंवा घटनांची मालिका, असा तिचा आशय. घटनांची मालिकासुद्धा, कारण एक असेल तर, एकच घटना. ही व्याख्या गाडीच्या वजावटीसाठी तुम्ही पाळलीत. टाकीला एक, हेडलाइटला एक, हँडलला एक असे शंभर-शंभर कापले नाहीत. मग त्याच पॉलिसीतल्या ॲड-ऑनमध्ये तोच शब्द आला की त्याचा अर्थ 'प्रत्येक वस्तू' असा कसा होतो? ॲड-ऑनमध्ये घटनेची वेगळी व्याख्या नाही, मी ते पानन् पान वाचलंय. 'प्रत्येक वस्तूमागे' असं लिहायचं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, तुमच्याकडे वकील आहेत. आणि शब्द संदिग्ध आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर विम्याच्या करारातल्या संदिग्ध शब्दाचा अर्थ करार लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केलेलं आहे.

तरीही खरं सांगतो, ३,००० रुपयांसाठी मी एवढा पेटलो नसतो. मी पेटलोय ते हेल्मेटमुळे.

हेल्मेटची पूर्ण रक्कम तुम्ही नाकारलीत. कारण दिलंत, 'बाह्य कवचाला तडा नाही, फक्त ओरखडे, वापरण्यायोग्य.' हे तुम्ही ठरवलंत मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंवरून. एकाही माणसाने ते हेल्मेट हातात घेतलेलं नाही. गाडी बघायला तुमचा माणूस गॅरेजवर आला होता. मी त्याच्यापुढे हेल्मेट धरलं, तर तो म्हणाला, 'ते माझ्याकडे नाही, ते वेगळं डिपार्टमेंट.'

आजचं बोलणं जसं झालं तसं लिहितो. कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड होतो, ताडून बघा.

अधिकारी म्हणाले, "सर, फोटोत हेल्मेट फुटलेलं दिसत नाही. स्क्रॅचेस आहेत, ते कॉस्मेटिकमध्ये जातात."

मी सांगितलं की हेल्मेटचं वरचं कवच म्हणजे फक्त साल आहे. डोकं वाचवतो तो आतला, थर्माकोलसारखा दिसणारा ईपीएसचा थर. मार बसला की तो दबतो आणि दबताना धक्का स्वतःत घेतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. त्या जागी दुसऱ्यांदा मार बसला तर तो डोक्यालाच लागणार. म्हणूनच हेल्मेट बनवणारे आपल्या माहितीपत्रकात लिहितात की जोराचा मार बसलेलं हेल्मेट बदला, वरून चांगलं दिसत असलं तरी.

ते म्हणाले, "पण सर, तुमच्या डोक्याला मार लागला का?"

मी म्हटलं, नाही.

"मग हेल्मेटवर फार फोर्स आलाच नाही ना."

मी काही क्षण बोलूच शकलो नाही. डोकं फुटलं नाही म्हणून हेल्मेटला काही झालं नाही! म्हणजे हेल्मेटचे पैसे मिळायला मी डोकं फोडून घ्यायला हवं होतं. मी हेच त्यांना विचारलं. त्यावर 'हो' नाही, 'नाही' नाही. त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या गाडीवर पिलियन कोणी बसतं का?"

मला वाटलं फॉर्मात काही भरायचं राहिलं असेल. मी म्हटलं, हो, मुलगी. तिला कॉलेजला सोडतो.

"मग असं करा ना सर. तुम्ही नवीन हेल्मेट घ्या आणि हे मॅडमना वापरायला द्या. मागे बसणाऱ्याला एवढी रिस्क नसते."

व्यवस्थापक साहेब, हे वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या कंपनीचा पगार घेणारा, अपघाताचे दावे रोज हाताळणारा माणूस मला सांगतो की दबलेलं हेल्मेट माझ्या लेकीच्या डोक्यात घाल. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं करतं. गाडी घसरली की पुढचा आणि मागचा एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने पडतात. हे घाटात गाडी चालवणाऱ्या कुठल्याही पोराला कळतं, आणि दुचाकीचा विमा विकणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला कळत नाही. मी आवाज चढवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, मी तुमची तक्रार क्लोज करतो," आणि फोन ठेवायच्या आत मला सेवेला किती स्टार द्याल असा मेसेज आला.

ते हेल्मेट माझ्याकडे कपाटात आहे. आतलं कापडी अस्तर बटणं उघडून बाहेर काढलं की उजव्या कानशिलाच्या वर, साधारण दोन बोटं रुंदीचा खळगा दिसतो. तिथे काळा थर गुळगुळीत, चेपून चकचकीत झालाय. बाकी सगळीकडे त्याचे बारीक दाणे बोटाला जाणवतात, तिथे जाणवत नाहीत. खळग्याच्या कडेने मागे मानेकडे केसासारखी एक बारीक भेग गेलीय. वरच्या कवचावर त्याच जागी, हो, फक्त ओरखडे आहेत. आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ या भारतीय मानकाचं हेल्मेट आहे, बिल तुमच्याकडे आहे. १ जून २०२१ पासून देशात दुसरं विकताच येत नाही, आणि मी त्याच्याही आधीपासून दुसरं वापरलेलं नाही.

या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर आहे. त्याचा प्रीमियम मी भरतो. कठड्याच्या दगडावर माझं डोकं उघडं आपटलं असतं तर ते १५ लाख माझ्या बायकोला देण्याची पाळी तुमच्यावर आली असती. ६,५०० रुपयांच्या त्या थराने ती टाळली. मी वाचलो, तुमचे १५ लाख वाचले, आणि ज्या वस्तूने हे केलं तिचेच पैसे तुम्ही 'वापरण्यायोग्य' म्हणून नाकारता. मला याचा संताप आहे आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. तुमची पॉलिसी मी पहिल्यांदा घेतली ती याच ॲड-ऑनमुळे. साध्या दुचाकी पॉलिसीत हेल्मेट, जॅकेट काहीच येत नाही, सगळा विमा फक्त लोखंडाचा. गाडीवरच्या माणसाच्या अंगावर काय आहे याचा विचार कोणीतरी केला, याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं. आमच्या कराडच्या ग्रुपमधल्या पोरांना मी स्वतः सांगितलं होतं की हे घ्या. आता त्यांनाच तुमचं सेटलमेंटचं पत्र दाखवणार आहे, चार एक्सेसच्या ओळी आणि हेल्मेटसमोरचं शून्य यांसकट.

आणखी एक. ग्लोव्ह्जचं बिल तुम्ही पुन्हा पुन्हा मागितलंत. ते ॲड-ऑन घेतानाच अपलोड केलेलं होतं आणि तुमच्याच ॲपमध्ये मला अजून दिसतंय. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कागदपत्रांअभावी दावा नाकारता येत नाही, आणि जे तुमच्याकडेच आहे ते मागून दावा लांबवणं याला तर काही नावच नाही.

मला हवं ते असं. जास्तीचा कापलेला एक्सेस ३,००० रुपये आणि हेल्मेटचे ६,५००, मिळून ९,५०० रुपये. हेल्मेटवर शंका असेल तर माणूस पाठवा, मी अस्तर काढून त्याच्या हातात देतो, त्याने अंगठा लावून बघावं आणि मग लिहावं. बघितल्याशिवाय 'वापरण्यायोग्य' हा शब्द पुन्हा वापरू नका. एक्सेस चार वेळा का कापला, हे पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते लेखी कळवा. आणि पिलियनला दबलेलं हेल्मेट द्या असा सल्ला तुमच्या कंपनीचा अधिकृत सल्ला आहे का, हेही लेखी कळवा. तो सल्ला आणखी कोणाला दिला गेला असेल तर त्या प्रत्येकाला तुम्ही फोन करून तो मागे घ्यायला हवा, कारण कोणीतरी तो ऐकला असण्याची शक्यता आहे.

हे पत्र तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवलंय आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर आजच नोंदवतोय. एका महिन्यात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाईन. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि मला हेल्मेट सोबत घेऊन जाता येईल. गरज पडली तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

रक्कम गाडीच्या दाव्याचे पैसे ज्या खात्यात आले त्याच खात्यात भरा. उत्तर मेलवर द्या, फोन करू नका.

पॉलिसीधारक,
कराड, जि. सातारा

सोबत: सेटलमेंट पत्राची प्रत, चारही वस्तूंची बिलं, दवाखान्याचा केसपेपर, हेल्मेटच्या आतल्या थराचे फोटो