पीयूसीत फेल म्हणजे लगेच कॅटॅलिटिक नव्हे

संपादक साहेब,

जुन्या गाड्यांच्या पीयूसीबद्दल थोडं लिहायचंय. माझ्याकडे २००३ची मुंबई पासिंगची होंडा सिटी व्हीटेक आहे, १०६ हॉर्सपॉवरवाली, त्या काळी पोरं जीव टाकायची हिच्यावर. यंदा पीयूसीला सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) आला १.४ टक्के, बीएस-टूला (हिच्या काळचा प्रदूषणाचा नियम) लिमिट ०.५ आहे, एचसी (न जळलेलं पेट्रोल) मात्र ७५० पीपीएमच्या लिमिटच्या बरंच खाली. गॅरेजवाला लगेच म्हणाला कॅटॅलिटिक (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कन्व्हर्टर) बदला, आणि खर्च ऐकून मी खालीच बसलो.

अहो पण जरा डोकं लावलं तर आकडेच सांगतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एचसी जास्त असता तर मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही), म्हणजे प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर बघायचं. आमच्याकडे खराब निघाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांची) गास्केट, तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, ऑक्सिजन सेन्सरला वाटायचं मिक्श्चर पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा अजून पेट्रोल ओतायचा. थंड इंजिनवर टकटक आवाज यायचा तो याचाच, मी आपला टॅपेट समजत होतो!

गास्केट बदलली, गाडी वीसेक मिनिटं पळवून गरम केली (थंड कॅटॅलिटिक काम करत नाही, तरी लोक गल्लीतून थेट टेस्टला जातात), सीओ ०.३.

पीयूसीच्या पावतीवर आकडे असतात, ते बघायला मेकॅनिक लोकांना कोणीतरी शिकवा हो.

– एक वाचक, मुलुंड