तिचं ‘मलाई’ आणि आपलं ‘मला’

पुणे,
१२ डिसेंबर

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण वर्गातल्या एका पोरीत माझा सगळा जीव अडकलाय. तिच्याबद्दल तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जूनमध्ये ती माझ्या तिसरीत आली. नेपाळमधल्या सुर्खेतची. वडील एका सोसायटीत वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करते. जुन्या शाळेचा दाखला नव्हता, पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तेवढ्यावरून अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवली.

पहिल्याच दिवशी मी तिला उभं करून म्हटलं, “नाव सांग बाळा.” ती काहीतरी पुटपुटली, मुलं हसली, आणि तिने तोंडात जी गुळणी धरली ती थेट दिवाळीपर्यंत. हजेरीला नुसता हात वर. चूक माझी होती गं. इतक्या अनोळखी पोरांपुढे तिला उभं करायलाच नको होतं.

ऐकायची मात्र सगळं. नवी भाषा आधी कानात मुरते, मग जिभेवर येते, हे डीएडला शिकलेलं. पण वर्गात घाईघाईत विसरायला होतं. एकदा तिच्या घरी गेले. पार्किंगमधली, जिन्याखालची खोली. मी बसलेली असताना तिचा धाकटा भाऊ खदखदून हसला, तशी आईने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. “साहबलोग चिल्लाते हैं, मॅडम.” शुभा, पोटात कालवलं माझ्या. त्या लेकरांना घरातही आवाज करायची मुभा नाही, आणि मी शाळेत तिच्या मागे लागले होते, मोठ्याने बोल, मोठ्याने बोल!

मग मी तिला विचारणंच सोडलं. खिचडीच्या वेळी ताटं मोजायचं काम दिलं, जोडीला वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. चार दिवस मनातल्या मनात मोजली. पाचव्या दिवशी ऐकू आलं, “एक, दुई, तीन, चार...” बडबडी म्हणाली, “दुई नाही गं, दोन,” आणि दोघी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

त्याच आठवड्यात ती त्या बडबडीला हळूच “मलाई पानी” म्हणाली. मलाई ऐकून कोणी हसायच्या आत मी फळ्यावर लिहिलं, ‘मलाई पानी चाहियो’. त्याच्या खाली, ‘मला पाणी पाहिजे’. पोरं बघतच राहिली. लिपीही एकच! सगळ्या वर्गाने तिच्या मागून ते वाक्य म्हटलं, आणि चुकलेल्यांना तिनेच सुधारलं. ‘ळ’ तिच्या वर्णमालेत नाही, म्हणून ती शाळेला ‘शाला’ म्हणते. म्हणू दे. मी टोकत नाही.

स्नेहसंमेलनात घ्या, भीड चेपेल, असं काही जण सांगतात. मला नाही पटत. इतक्यात नको. पण काल हजेरीला तिचा हात वर झाला आणि मागोमाग बारीकसा आवाज आला, “हजर, बाई.”

तुझ्या ओळखीचं कोणी दार्जिलिंगकडे फिरायला जाणार असेल, तर नेपाळी गोष्टींची दोन-तीन पातळ पुस्तकं आणायला सांगशील? अक्षर मोठं हवं, चित्रं असली तर उत्तम. पैसे मी लगेच पाठवते.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
मंदा